नव्या बेस गिटारचे फिनिश कसे निवडावे?

नवी इलेक्ट्रिक बेस गिटार घ्यायला निघालेला माणूस एका ठिकाणी हमखास अडखळतो. एकाच घडणीची, एकाच लाकडाची आणि तेच पिकअप (तारांच्या हालचालीपासून वीज निर्माण करणारे भाग) असलेली दोन वाद्ये दुकानात शेजारी शेजारी टांगलेली असतात. एकाच्या माहितीपत्रकावर ‘ग्लॉस पॉलिएस्टर’ लिहिलेले असते, दुसऱ्याच्या ‘नायट्रोसेल्युलोज लॅकर’, आणि दुसऱ्याची किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. मानेच्या, म्हणजे ज्यावर तारा दाबतात त्या लांब दांड्याच्या, रकान्यात आणखी तिसरेच काही असते: ‘सॅटिन युरेथेन’. माझी भाची कॉलेजच्या बँडसाठी पहिली बेस घेत होती, तेव्हा हे सगळे वाचून तिने मला विचारले, “मामा, हा फरक रंगाचा आहे की आवाजाचा?”

आवाजाशी त्याचा संबंध फार थोडा आहे आणि रंगाशी काही अंशी आहे. खरा संबंध आहे तो वाजवणाऱ्याच्या तळहाताशी, त्याच्या घामाशी आणि वाद्य ज्या हवेत राहणार आहे त्या हवेशी. तिला मी तेव्हा एवढेच सांगितले होते; असे का म्हणतो, ते येथे सविस्तर मांडतो.

फिनिश म्हणजे नुसता रंग नव्हे

घराची भिंत रंगवताना आधी लांबी भरतात, मग प्रायमर मारतात आणि त्यानंतर रंगाचे हात देतात. वाद्याच्या लाकडावरही असेच एकावर एक थर चढतात. सर्वांत खाली लाकडाची छिद्रे बुजवणारा थर असतो, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. या सगळ्या थरांना मिळून फिनिश म्हणतात. या लेखात मी त्याला ‘लेप’ म्हणेन. रंग हा लेपाचा एक भाग असतो, आणि काही वाद्यांवर तो नसतोही.

लेपाचे पहिले काम दिसण्याचे नाही. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते, त्यामुळे ते फुगते आणि आक्रसते. लेप ही देवाणघेवाण मंद करतो. घामातले क्षार, पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आणि टेबलाच्या कडेची ठोकर हे सगळे तो आधी स्वतःवर घेतो.

वाळणारा, जुळणारा आणि मुरणारा

बाजारात नावे पुष्कळ असली तरी लेपांची कुळे तीनच आहेत, आणि ती घट्ट कशी होतात यावरून ओळखता येतात.

पहिले कूळ नुसते वाळणारे. मिठाचे पाणी ताटलीत ठेवले की पाणी उडून जाते आणि मीठ उरते. पुन्हा पाणी घातले की ते मीठ विरघळते. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बोलीतले ‘नायट्रो’, असेच आहे. थिनर उडून जातो, पातळ पापुद्रा उरतो आणि पुढचा हात दिला की तो खालच्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून नायट्रोवरचा ओरखडा नवा थेंब टाकून जवळजवळ बेमालूम बुजवता येतो. पण त्याच कारणाने पुढे कधीही चुकीचे द्रावण लागले तर हा लेप मऊ पडतो. मिरजेच्या सतारींवर हाताने घासून चढवले जाणारे लाखेचे पॉलिशही याच कुळातले आहे.

दुसरे कूळ जुळणारे. दोन ट्यूबांमधला गोंद एकत्र कालवला की तो वाळत नाही, आतून जुळून घट्ट होतो आणि नंतर पाण्याने किंवा थिनरने सुटत नाही. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर हे असे लेप आहेत. दोघांनाही बोलताना ‘पॉली’ म्हणतात. घरच्या फर्निचरला ‘पीयू पॉलिश’ करवून घेतले असेल, तर सुताराने हार्डनर मिसळताना तुम्ही हे पाहिलेच असेल. पॉलिएस्टर जाड चढतो आणि लाकडाच्या रेषा एका हातात भरून काढतो, म्हणून कारखान्यांना तो सोयीचा वाटतो. पॉलियुरेथेन त्यामानाने पातळ देता येतो. दोन्ही कठीण असतात. मात्र ठोकर बसून टवका उडाला, तर नवा थर जुन्यात मिसळत नाही, आणि दुरुस्तीची कडा जवळून पाहणाऱ्याला दिसते.

तिसरे कूळ मुरणारे, म्हणजे तेलाचे. बिडाचा नवा तवा तेल लावून पुन्हा पुन्हा तापवला की त्यावर काळसर, न निघणारा थर धरतो. जवसाचे किंवा टंग झाडाच्या बियांचे तेल लाकडात मुरते, तेव्हा उष्णतेऐवजी हवेतल्या प्राणवायूमुळे आणि बऱ्याच सावकाशीने तसेच काहीसे घडते. लेप लाकडावर बसण्याऐवजी लाकडाच्या आत राहतो, आणि हाताला लाकूडच लागते. जर्मनीच्या वॉरविक कंपनीची ओळख अशा तेल-मेणाच्या, लाकूड उघडे ठेवणाऱ्या बेसवर उभी राहिली. मात्र या लेपाला वर्षातून एक-दोनदा पुन्हा तेल किंवा मेण द्यावे लागते. येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे: जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता सोडते आणि ती कोंडली गेली तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून, मोकळ्या हवेत वाळवावी.

मोटारींचा रंग बेसवर कसा आला

आपल्याकडे सुतार आणि रंगारी कपाटाच्या गुळगुळीत फवारा-रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीच्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोज रंगाच्या नावावरून आला. १९२० च्या दशकात हा रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला आणि तोपर्यंत वार्निश वाळण्यासाठी आठवडे घेणारे मोटार रंगवण्याचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले.

गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे १९५१ साली ‘प्रिसिजन’ नावाची बेस बाजारात आणली, तेव्हा त्यांनी असाच हाताशी असलेला, लवकर वाळणारा लॅकर वापरला. पहिल्या प्रिसिजन अॅश लाकडाच्या आणि फिकट पिवळसर, रेषा दिसू देणाऱ्या रंगाच्या होत्या. १९६० मध्ये त्यांची ‘जॅझ बेस’ नावाची दुसरी बेस आली, आणि त्याच सुमारास फेंडर कंपनीने जादा किंमत घेऊन निवडक रंग देण्यास सुरुवात केली. ते रंग ड्यू पाँटच्या मोटारींसाठीच्या रंगपत्रकातूनच घेतलेले होते. आज ‘फिएस्टा रेड’ म्हणून ओळखला जाणारा लालसर रंग फोर्ड थंडरबर्ड गाडीवर आधी आला. त्यातले काही रंग नायट्रोचे होते, तर ‘लेक प्लॅसिड ब्लू’सारखे काही ॲक्रिलिक लॅकरचे. म्हणजे त्या काळी नायट्रो आवाजासाठी निवडलेला नव्हता. तो त्या काळातला सोयीचा औद्योगिक रंग होता. अधिक टिकाऊ पॉली उपलब्ध झाल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस फेंडर तिकडे वळली.

“पण नायट्रोमुळे लाकूड श्वास घेते ना?”

हे वाक्य दुकानात फार ऐकू येते. बेसची बॉडी तयार होते तोपर्यंत ते लाकूड भट्टीत वाळवलेले असते. ते श्वास घेत नाही, फक्त ओलाव्याची देवाणघेवाण करते, आणि ती जितकी कमी होईल तितके वाद्य स्थिर राहते. शिवाय १९६० च्या दशकातल्या ज्या फेंडर वाद्यांचा दाखला दिला जातो, त्यांपैकी अनेकांवर नायट्रोच्या खाली ‘फुलरप्लास्ट’ नावाचा, रासायनिक क्रियेने घट्ट होणारा थर दिलेला होता. लाकूड तिथेही बंदच होते.

आवाजाचा मुद्दा समजायला सतारीशी तुलना उपयोगी पडते. सतारीची तबली काही मिलिमीटर जाडीची असते आणि तीच हवा हलवून आवाज निर्माण करते. तिच्यावर जाड लेप चढवला तर ती जड होईल आणि आवाज दबेल. बेस गिटारची बॉडी साधारण ४५ मिलिमीटर जाडीचे भरीव लाकूड असते. तिचा आवाज पिकअपमधून येतो: चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्या ४५ मिलिमीटरवर लेपाचा थर अर्धा मिलिमीटर असला काय किंवा त्याच्या पाव असला काय, तारेच्या हालचालीवर त्याचा परिणाम झालाच तर तो इतका लहान असतो की तारा बदलल्या किंवा बोट पिकअपच्या दोन सेंटीमीटर मागे नेले तरी त्याहून मोठा फरक पडतो.

यावर अनुभवी वादक म्हणतात, “आम्ही दोन्ही वाजवल्या आहेत, नायट्रोवाली खरोखर चांगली वाजते.” त्यांचा अनुभव खोटा नसतो. महागड्या मालिकेत नायट्रोबरोबर हलके निवडक लाकूड, वेगळे पिकअप आणि अधिक काळजीने बसवलेले फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) येतात; ऐकू येतो तो या सगळ्यांचा एकत्रित परिणाम.

“पॉली म्हणजे प्लॅस्टिक” हा दुसरा आक्षेप. नायट्रोसुद्धा रानातून आलेला राळेचा थेंब नव्हे. कापूस किंवा लाकडाचा लगदा आणि नायट्रिक आम्ल यांपासून तो होतो, आणि त्यातच कापूर घातला की सेल्युलॉइड बनते, ज्याच्यापासून एकेकाळी कंगवे आणि सिनेमाच्या फिती होत असत.

मानेची मागची बाजू

खरेदीच्या वेळी सर्वांत कमी पाहिली जाणारी आणि वाजवताना सतत हाताखाली असणारी जागा म्हणजे मानेची मागची बाजू. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत अंतर सुमारे ३८ सेंटीमीटर असते, म्हणजे अंगठा आणि तळहात एका गाण्यात कितीतरी वेळा एवढी घसरण करतात. बॉडीला हात लागतो तो मनगटाजवळ आणि कोपराखाली. मानेला मात्र तळहात सोडत नाही. म्हणून बॉडीचा लेप आणि मानेचा लेप हे दोन वेगळे निर्णय समजावेत.

चकचकीत म्हणजे ग्लॉस लेपाचा पृष्ठभाग सपाट असतो. घाम आला की ओला तळहात त्याला काचेला चिकटावा तसा चिकटतो आणि घसरताना अडतो. सॅटिन लेपात सिलिकाची बारीक भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे राहतात. त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि चकाकी कमी दिसते, आणि त्यांच्यामुळेच हाताचा स्पर्श कमी जागी होतो. सॅटिन मानेवर हात मोकळा फिरतो. काही महिन्यांनी अंगठ्याच्या जागी तो घासून चकाकू लागतो. हा दोष नव्हे, ते उंचवटे झिजले एवढाच त्याचा अर्थ. ग्लॉस मान आवडली नाही तर अत्यंत बारीक, राखाडी रंगाच्या नायलॉन घासणीने तिची चकाकी उतरवता येते, पण त्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. भांडी घासायची हिरवी घासणी त्यासाठी फार खरबरीत आहे.

तेल-मेणाची मान हाताला सर्वांत सुखद लागते, हे माझे स्पष्ट मत आहे. म्युझिक मॅन कंपनीच्या अनेक बेसना अशी मान असते. पण ती मळते, काळवंडते, आणि ओलाव्याला सर्वांत आधी प्रतिसाद देते.

समोरची बाजू, म्हणजे फ्रेटबोर्ड, हा आणखी वेगळा विषय. मेपल फिकट आणि डाग धरणारे लाकूड असल्याने त्यावर बहुधा लेप असतोच. रोझवुड, म्हणजे आपल्या शिसवाचे कूळ, तेलकट असल्याने उघडेच ठेवतात आणि अधूनमधून तेलाचा हात देतात. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. प्रसिद्ध बेसवादक जाको पास्टोरियस यांनी १९६२ च्या जॅझ बेसच्या फ्रेट नसलेल्या शिसवी फ्रेटबोर्डावर बोटींसाठी वापरतात तो इपॉक्सी चढवला होता, कारण त्यांच्या गोल वेटोळ्यांच्या खरखरीत तारा उघडे लाकूड खाऊन टाकत होत्या. तेथे मात्र लेपाने आवाज बदलला, कारण फ्रेटलेस वाद्यात तार थेट त्या लेपावरच दाबली जाते. लेप आणि आवाज यांचा खरा संबंध पाहायचा तर तो तिथे आहे.

आपली हवा आणि आपल्या सवयी

मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. विदर्भात मे महिन्यात हवा अगदी कोरडी होते. चार तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ८५ किलोंचा असतो आणि तो सगळा मान पेलते. ओलावा बदलला की मान वाकते किंवा सरळ होते, आणि आतली ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक जुळवणारी धातूची सळई, फिरवून ती पुन्हा जुळवावी लागते. पॉलीचा लेप हा बदल सर्वांत मंद करतो, नायट्रो त्याहून कमी आणि तेल फारच थोडा. समुद्रकाठी राहणाऱ्याने तेलाची मान घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण वर्षातून दोनदा ट्रस रॉड जुळवून घेण्याची तयारी असावी, आणि बंद कपाटात ठेवलेल्या लाकडावर श्रावणात बुरशी येते हे लक्षात ठेवावे.

नायट्रोच्या बाबतीत तीन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली स्टँडची. काही वर्षांपूर्वी एका मित्राची नायट्रोची बेस मी आठवडाभर माझ्या साध्या स्टँडवर ठेवली. परत देताना पाहतो तर जिथे रबरी गादी टेकली होती तिथे लेप मऊ होऊन तिचा ठसा उमटला होता. रबर आणि विनाइल लवचीक ठेवणारी द्रव्ये हळूहळू बाहेर झिरपतात आणि नायट्रोला विरघळवतात. त्या ठशाची खंत मला अजून आहे. गादीवर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली असती, तरी ते टळले असते. दुसरी गोष्ट डासांच्या मलमाची. गणपतीत किंवा उघड्या मैदानात वाजवताना हाताला लावलेल्या मलमात डीट हे द्रव्य असेल, तर कोपराखालचा नायट्रो चिकट होतो. पिकगार्डचे, म्हणजे बॉडीवरच्या संरक्षक पत्र्याचे, प्लॅस्टिकही त्याने खराब होऊ शकते. तिसरी गोष्ट तापमानाच्या एकदम होणाऱ्या बदलाची. लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि लेपावर केसासारख्या तडा पडतात. परदेशात हिवाळ्यात वाद्य घेऊन जाणाऱ्या मराठी मंडळींनी गारठ्यातून घरात आणलेली वाद्याची पेटी लगेच उघडू नये. ती बंदच ठेवून आतल्या वाद्याला घरच्या तापमानाला येऊ द्यावे.

लेप कोणताही असो, सिलिकॉन असलेले पॉलिश लावू नये. ते लाकडापर्यंत पोहोचले तर पुढे कधी नवा लेप द्यायचा झाल्यास तो त्या जागी धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे उमटतात. वाजवून झाल्यावर कोरडे मऊ कापड पुरते.

रंगाखाली कोणते लाकूड असते

रंग निवडताना आपण नकळत लाकूडही निवडत असतो. पारदर्शक रंगाखाली रेषा दिसतात, म्हणून त्यासाठी कारखाने एकसारख्या रेषांचे, कमी तुकडे जोडलेले लाकूड वेगळे काढतात. गाठी किंवा जोड असलेले लाकूड अपारदर्शक रंगाखाली जाते. यात फसवणूक नाही, आवाजात उणेपणाही नाही. उलट तेवढ्याच किमतीत काळी किंवा पांढरी बेस घेणाऱ्याला बहुधा चांगले पिकअप मिळू शकतात. अॅशच्या रेषा ठळक असल्याने पारदर्शक रंगांसाठी ते पूर्वीपासून वापरले जाई, पण अमेरिकेत पूर आणि अॅश पोखरणारा भुंगेरा यांमुळे ते दुर्मीळ झाले. २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या वाद्यांत त्याचा वापर बराच कमी करत असल्याचे जाहीर केले.

रंग काळानुसार बदलतात, विशेषतः नायट्रोखाली. वरचा पारदर्शक थर पिवळा पडतो, त्यामुळे पांढरी बेस सायीच्या रंगाची होते आणि निळी हिरवट दिसू लागते. १९६० च्या आसपासच्या काही सनबर्स्ट (मधे उजळ, कडेकडे गडद होत जाणाऱ्या रंगाच्या) वाद्यांमधला लाल उन्हाने उडून गेला आणि फक्त पिवळा व काळा उरला. ज्यांना हे बदल हवेसे वाटतात त्यांनी नायट्रो जरूर घ्यावा. वाद्य आपल्याबरोबर वयाने वाढताना पाहणे हा खरा आनंद आहे, आणि त्यासाठी जास्त पैसे देण्यात चूक नाही. मात्र ज्यांना आज आवडलेला निळा वीस वर्षांनीही निळाच हवा आहे, त्यांच्यासाठी पॉलीच योग्य.

रोजच्या वापरात ग्लॉस काळ्यावर प्रत्येक बारीक ओरखडा आणि बोटाचा ठसा दिसतो. सनबर्स्टची गडद कडा ठोकरा लपवते. सॅटिन बॉडीवर कोपराची जागा चकाकू लागते आणि ती पुन्हा एकसारखी करणे कठीण जाते.

भाचीने शेवटी ग्लॉस पॉलीची सनबर्स्ट बॉडी आणि सॅटिन मान असलेली बेस घेतली. ती ठाण्याला राहते, लोकलने तालमीला जाते आणि पातळ पिशवीतून वाद्य नेते. तिच्यासाठी मीही हेच सुचवले असते.

दुकानात काय पाहावे

माहितीपत्रकावर ‘नायट्रो’ लिहिलेले असेल तर खालचा थर कशाचा आहे हे विचारावे, कारण पुष्कळदा खाली पॉली आणि वर नायट्रोचे एक-दोन हात असतात; वाद्य त्याने वाईट ठरत नाही, पण किंमत देताना ते माहीत असावे. मान बॉडीत बसते त्या खाचेच्या कडा पाहाव्यात. जाड लेपाच्या वाद्यांवर तिथे तडा असतात, त्या बहुतेक वेळा फक्त लेपाच्या असतात, पण तडा लेपातून लाकडात गेली असेल तर ते वाद्य बाजूला ठेवावे. रंग दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नये. शक्य असेल तर वाद्य दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावे. आणि मान तपासायची तर दोन मिनिटे वाजवून उपयोग नाही. एसीच्या गारव्यात ग्लॉस मानही गुळगुळीतच लागते. पंधरा-वीस मिनिटे सलग वाजवून, तळहात गरम आणि ओलसर झाल्यावर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत हात दहा वेळा वर-खाली न्यावा आणि तो कुठे अडतो ते पाहावे.